बारक्या फादरची किळस

त्या बंगल्यात दिवस उजाडत असे तो मोठ्या फादरांच्या घशातून. पहाट सरता सरता ते न्हाणीघरात शिरत, तांब्याची पट्टी जिभेवरून ओढीत आणि असा काही आवाज काढीत की पत्र्यावर बसलेली कबुतरे एकदम उडून जात. मग खाकरणे, थुंकणे, नाक शिंकरणे आणि मध्येच एखादी लॅटिन प्रार्थना, असा क्रम बराच वेळ चाले. शेजारच्या खोलीत मी डोळे मिटून ध्यान करण्याचा प्रयत्न करीत असे आणि त्या प्रत्येक आवाजासरशी माझ्या मनात जे विचार येत ते ध्यानाचे नसत. माझी दीक्षा होऊन दोन महिनेही झाले नव्हते. सत्ताविसाव्या वर्षी मला साहाय्यक धर्मगुरू म्हणून उदगीरकडच्या त्या लहानशा धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, पाठवण्यात आले होते. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे धुराने काळे झालेले स्वयंपाकघर आणि अंगणापलीकडे विटांचे चर्च, एवढाच पसारा होता. पण मिशनची इमारत म्हणून लोक त्याला बंगला म्हणत. प्रमुख धर्मगुरू फादर बोनिफास हे मोठे फादर आणि मी बारके फादर. उंचीने मी त्यांच्यापेक्षा वीतभर जास्त होतो, याने नावात काही फरक पडला नाही.

फादर बोनिफास मूळचे मंगळूरकडचे. परंतु त्या भागात त्यांची पस्तीस वर्षे गेली होती आणि मराठी ते शेतात राबणाऱ्या माणसांकडून शिकले होते. सेमिनरीत आम्हाला मराठी व्याकरण शिकवणारे प्राध्यापक त्यांचे प्रवचन ऐकते तर आजारी पडले असते. “येशू काय म्हणून राहिला, का बाबांनो, एकमेकाच्या उरावर बसू नका,” अशी त्यांची सुरुवात असे. तपकिरीची त्यांना भारी सवय होती. वेदीवरच्या पांढऱ्याशुभ्र कापडावर तिचे तांबूस ठिपके पडलेले असत आणि मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, अत्यंत गंभीर क्षणी, दोन्ही हात वर असताना, त्यांना शिंक येई. लोक त्या शिंकेची वाट पाहत. ती आल्यावर पुढच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्या समाधानाने मान हलवीत, जणू तोही विधीचाच भाग होता.

गावाकडून त्यांची बहीण वर्षातून दोनदा सुके बांगडे पाठवी. स्वयंपाकघरात मांजर शिरते म्हणून ते बांगडे कार्यालयाच्या आढ्याला, नोंदवह्यांच्या कपाटाच्या बरोबर वर, सुतळीने टांगलेले असत. त्यामुळे आमच्या धर्मग्रामातून निघालेला प्रत्येक बाप्तिस्म्याचा दाखला मासळीच्या वासाचा असे. लातूरला कॉलेजात नाव घालायला गेलेल्या एका मुलीला तिथल्या कारकुनाने दाखला नाकाशी धरून विचारले होते, “बाजारातून आणलास की चर्चमधून?” ती रडत परत आली, तेव्हा फादर म्हणाले, “येशूचे चेले कोळीच होते म्हणावं त्याला,” आणि तिला दोन बांगडे बांधून दिले. पडवीत बसून ते पायाची नखे कापीत आणि त्याच वेळी नवराबायकोची भांडणे मिटवीत. कापलेली नखे उडून पक्षकारांच्या अंगावर पडत. मिस्सावस्त्रांच्या कपाटाच्या खालच्या खणात त्यांची एक कोंबडी अंडी घालीत असे. ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी जांभळे वस्त्र बाहेर काढले तर त्यावर पिवळा बलक वाळलेला. फादरांनी तो नखाने खरवडला, बोट जिभेला लावून पाहिले आणि वस्त्र तसेच अंगावर चढवले.

जेवणाचे वर्णन करताना माझा हात आजही थबकतो, पण ते केल्यावाचून पुढचे समजणार नाही. ते भाकरी वरणात कुस्करत, मनगटापर्यंत हात बुडवून कालवत आणि फुरके मारीत. त्यांच्या पायाशी कुत्रे बसलेले असे. एक घास त्याला आणि एक स्वतःला, आणि हात तोच. जेवण झाले की ते तोंडातली कवळी काढीत, पाण्याच्या पेल्यात खळबळून पुन्हा बसवीत आणि पेल्यातले पाणी पिऊन टाकीत. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा उठून बाहेर गेलो. ते मागून म्हणाले, “अरे, त्यात भाकरीच हाय. फेकायची का?”

माझी तऱ्हा उलट होती. मी स्वतःचा साबण, स्वतःचा टॉवेल आणि जंतुनाशकाची बाटली घेऊन आलो होतो. पाणी उकळून, गाळून पीत असे. आजाऱ्याच्या घरून परतलो की कोपरापर्यंत हात धूत असे, आणि गावात घरे आशीर्वादित करायला गेल्यावर कोणी चहा पुढे केला तर मला पित्ताचा त्रास आहे असे सांगत असे. हा पित्ताचा त्रास मला त्या वर्षी साठ-सत्तर घरी झाला. आमच्या स्वयंपाकीण मार्थाबाई, ज्या त्या बंगल्यात फादरांच्याही आधीपासून होत्या, त्या हे सारे पाहत आणि भाकरी थापता थापता मोठ्याने म्हणत, “बारक्या फादरचं सोवळं लई कडक हाय बाई. देशमुखाच्या घरी बी इतकं न्हाई.” मी हसण्यावारी नेई. मला ते विनोद वाटत.

आता मी स्वतः प्रमुख धर्मगुरू आहे. माझ्या हाताखालचा तरुण फादर मी चहाचा फुरका मारला की मोबाइलकडे पाहू लागतो. त्याच्या तोंडावर ओठ किंचित आवळल्याची जी रेघ उमटते ती मी ओळखतो. त्याला काही सांगावे असे अनेकदा मनात येते. पण ते सांगायचे तर पुढची सगळी हकिकत सांगावी लागेल, आणि ती आजवर मी कोणालाच पूर्ण सांगितलेली नाही.

उपवासकाळाचा शेवटचा आठवडा जवळ आला होता. ऊन असे की दुपारी पत्रा तडतडे. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही पडवीत बसलो असताना यशवंत आला. तो उदगीरच्या अडत बाजारात पोती उचलायचा. गोदाआजीचा तो एकुलता एक मुलगा. गोदाआजी म्हणजे सतरंजीवर सर्वांत पुढे बसून शिंकेची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यांतली थोरली. त्याने खांद्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

“मोठे फादर, आई लई बेजार हाय. दोन दिस झाले, पोटात अन्न न्हाई. तुमालाच बोलवून राहिली. म्हणती, पवित्र भाकर खाल्ल्याबिगर जायची न्हाई.”

मोठ्या फादरांचा उजवा पाय वाताने सुजून कोहळ्यासारखा झाला होता. त्यांनी पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “तू जा,” ते म्हणाले. “अन् ऐक. आधी चमच्यानं पाणी पाज. गिळती का बघ. मग भाकर द्यायची ती एवढीच.” त्यांनी अंगठ्याचे नख दाखवले, त्या नखात तपकीर अडकलेली होती. “कण. चमच्यात पाण्यासंगं. समजलं?”

मला राग आला. हा सारा भाग मी परीक्षेत लिहिला होता आणि वर्गात पहिला आलो होतो. मरणाऱ्याला द्यायच्या अखेरच्या ख्रिस्तप्रसादावर मला असल्या नखाने धडा मिळावा, हे मला सहन झाले नाही. “समजलं,” एवढेच म्हणून मी भाकरीची, म्हणजे रुपयाएवढ्या पातळ पांढऱ्या चकतीची, सोन्याचा मुलामा दिलेली लहान डबी आणि पवित्र तेल घेतले आणि मोटारसायकल काढली.

गोदाआजीचे घर एका खोलीचे होते. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर आधी काही दिसेना. वास मात्र आला. घामाचा, ओल्या गोधडीचा, मिसरीचा आणि आजाराचा. ती भिंतीला टेकवून बसवलेली होती. हाडांवर कातडे, तोंडात एकही दात नाही, ओठांच्या कडांना मिसरीचा काळा ओघळ. दारात शेजारणी जमल्या होत्या. मी शक्य तितका तोंडाने श्वास घेत प्रार्थना म्हटल्या, कपाळाला आणि तळहातांना तेल लावले. पाणी पाजून पाहावे हे माझ्या लक्षात होते. पण पाण्याचा चमचा, तो तोंडाला लावणे, तोंडातून गळलेले पुसणे, हे सारे डोळ्यांसमोर आले आणि मी ते टाळले. लवकर संपवून बाहेर पडायचे होते. मी भाकरीचा कण मोडला नाही. अर्धी भाकर तिच्या जिभेवर ठेवली. “ख्रिस्ताचे शरीर.”

“आमेन,” ती म्हणाली, आणि तिला ठसका लागला. भाकर टाळूला चिकटली होती. ती घुसमटली, डोळे पांढरे झाले, यशवंतने पाठीवर हात मारला आणि तिच्या तोंडातले ते सारे, काळ्या लाळेत भिजलेले, माझ्या पुढे केलेल्या तळहातावर येऊन पडले.

अशा वेळी काय करावे हे आमच्यात लहानशा विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. त्या भाकरीत प्रभू आहे असे आम्ही मानतो. तेव्हा ती टाकायची नसते. धर्मगुरूने ती स्वतः सेवन करावी, ते अगदीच अशक्य असेल तर पाण्यात पूर्ण विरघळू द्यावी आणि ते पाणी स्वच्छ मातीत ओतावे. हे उत्तर मी क्रमवार लिहिले होते. प्रत्यक्षात मी अंगावर पाल पडावी तसा हात झटकला.

भाकर गोधडीवर पडली.  म्हातारी माझ्याकडे पाहत होती. धाप लागलेली असतानाही पाहत होती. मी खिशातला रुमाल काढला, दोन बोटांनी ते उचलले, गुंडाळले, झग्याच्या खिशात कोंबले. आणि मग मी जे म्हणालो ते माझेच शब्द होते, याबद्दल मला एवढ्या वर्षांनंतरही शंका घेता येत नाही. मी म्हणालो, “यशवंत, साबण आहे का?”

तो मोरीकडे गेला आणि धुण्याच्या साबणाचा तुकडा घेऊन आला. मला अंगणात नेऊन त्याने तांब्या उंच धरला आणि माझ्या हातांवर वरून पाणी सोडले. मी बोटे एकेक करून चोळली. तो पाणी ओतत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “फादर, बास का अजून वतू?”

लोह्याकडच्या ज्या गावात मी जन्मलो तिथे आमची वस्ती गावाबाहेर होती. विहिरीवर माझे वडील ओंजळ धरून खाली बसत आणि कोणीतरी वरून, भांडे लागू नये अशा अंतरावरून, पाणी सोडी. लहानपणी हे मी कितीदा पाहिले असेल त्याची गणती नाही. यशवंतचे आजोबाही असेच ओंजळ धरीत असणार. आमची आणि त्यांची वस्ती एकाच जातीची होती, हे त्यालाही ठाऊक होते. मोटारसायकल चालू करताना मला हे सुचले आणि मी ते मनातून ढकलून दिले. हात स्वच्छ झाले होते, याचे बरे वाटत होते.

जेवणाच्या वेळी मोठ्या फादरांनी विचारले, “गिळलं का तिनं?”

“हो,” मी म्हणालो.

“लागलीच?”

“हो फादर. काही त्रास झाला नाही.”

“मग बरं,” असे म्हणून त्यांनी कुत्र्याला घास दिला. रुमाल माझ्या झग्याच्या खिशात होता आणि झगा खुंटीवर. जेवणानंतर पेलाभर पाण्यात ते विरघळवीन, कोणाला कळायचे नाही, असे मी ठरवले होते. पण झग्याला मिसरीचे डाग लागलेले मार्थाबाईंनी पाहिले होते आणि आम्ही ताटावर असतानाच त्यांनी तो धुवायला उचलला होता. त्या मागच्या दाराने आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांच्या ओंजळीत माझा रुमाल होता, उघडलेला. एरवी कायम बडबडणारी ती बाई कुजबुजत म्हणाली, “मोठे फादर, हे बगा. बारक्या फादरच्या खिशात व्हतं.”

फादरांनी पाहिले.  मग मला फक्त एवढेच विचारले, “गोदाचं?”

मी मान हलवली.

ते खुर्चीच्या हातांना धरून उठले. तो सुजलेला पाय दुमडताना त्यांच्या तोंडून शिवीसारखे काहीतरी कानडीत निघाले. ते जमिनीवर गुडघे टेकून बसले, उष्टा हात धोतराला पुसला, रुमालातला तो काळपट, सुताचे धागे चिकटलेला गोळा जिभेवर घेतला आणि गिळला. पहिल्यांदा गेला नाही. पुन्हा गिळला. मार्थाबाईंनी पुढे केलेल्या पाण्यात त्यांनी रुमाल पिळला आणि ते पाणीही प्याले. त्यांना ढेकर आला. मी मागच्या दारी धावलो आणि पेरूच्या झाडाखाली माझे सारे जेवण ओकून टाकले.

येथे खरे तर माझे मन पालटले असे लिहिता आले असते. तसे झाले नाही. पेरूच्या बुंध्याला धरून उभा असताना मला त्या म्हाताऱ्याची किळसच वाटत होती, आधीपेक्षाही जास्त. त्यांच्याबद्दल आदर वाटायला मला पुढे कित्येक वर्षे लागली, आणि तोवर ते गेले होते.

“चल,” मागून आवाज आला. “गाडी काढ.”

“कुठे, फादर?”

“कुठे म्हणजे? ती उपाशी हाय अजून. तू सांगितलं गिळलं, म्हणून मी जेवत बसलो. माझं जेवण झालं, तिचं न्हाई.”

भर उन्हात मी त्यांना मागे बसवून नेले. सुजलेला पाय ते एका बाजूला ताठ धरून बसले होते आणि तपकीर ओढून माझ्या मानेवर दोनदा शिंकले. मला मान पुसण्याचा धीर झाला नाही. वाटेत ते एकच वाक्य बोलले: “ती गेली असंल तर तू सांगशील यशवंतला, मी न्हाई.”

ती गेली नव्हती. यशवंतने मोठ्या फादरांना उचलूनच आत नेले. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. मला कोणी आत बोलावले नाही. फादरांनी तिला चमच्याने पाणी पाजले, तोंडातून गळलेले आपल्या बाहीने पुसले, पुन्हा पाजले. “गिळ गं गोदे. घोड्यासारखी खायचीस की तू नाताळला.” ती हसली, हसताना ठसका लागला, तो जाईपर्यंत ते थांबले. मग नखाएवढा कण चमच्यातल्या पाण्यात घालून तिला दिला. तो गेला. तिने तोंड उघडून जीभ दाखवली, लहान मुलासारखी. “ग्येलं,” ती म्हणाली. दारातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

“आता याला काय करायचं?” माझ्याकडे न बघता फादर म्हणाले.

मी आत गेलो आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो. “गोदाआजी, माझ्या हातून फार मोठा अपराध घडला. आपण मला क्षमा करावी.” माझे मराठी तेव्हाही असेच होते.

तिने विचारले, “तुजी माय हाय का रे?”

“आहे. लोह्याकडे असते.”

“तिच्या ताटात जेवतूस का?”

खोलीत सगळे ऐकत होते. मी सेमिनरीत गेल्यापासून, नऊ-दहा वर्षे, आईच्या ताटात जेवलो नव्हतो. सुट्टीत घरी गेलो तर तिने प्यालेल्या भांड्याने पाणीही पीत नव्हतो.

“जेवतो,” मी म्हणालो.

“मंग झालं,” गोदाआजी म्हणाली. “मला वाटलं, आमचीच किळस हाय का काय. लेकरू हाय, घाबरलं आसंल.” तिने आपला तेल लावलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी ती गेली. यशवंतने माती द्यायला मोठ्या फादरांना नेले आणि नंतर मला हात जोडले. त्याच्या मनात काही राहिले नव्हते, असे तो मार्थाबाईंना म्हणाल्याचे मी ऐकले. मीही पुढे इतरांच्या पापांची क्षमा उच्चारीत राहिलो. स्वतःच्या कबुलीजबाबात मी साबण सांगितला, रुमाल सांगितला, फादर बोनिफासना सांगितलेले खोटे सांगितले. गोदाआजीला दिलेले उत्तर मात्र दर वेळी गाळले. तिने क्षमा केली ती त्या उत्तराला.

ते खरे करून टाकावे, निदान मागाहून, असे ठरवून मी ईस्टरनंतर घरी गेलो. आईने वांग्याचे भरीत केले होते. मी तिच्याजवळ सरकून बसलो आणि म्हणालो, “आज तुझ्याच ताटात वाढ. दोघे जेवू.”

ती माझ्याकडे बघून हसली. “नको बाबा. तुला सवय न्हाई राहिली. उगं जीव मारून कशाला जेवतूस?” मग उठून तिने फळीवरचे माझे स्टीलचे ताट उतरवले. ते ती वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवी, कोणी वापरू नये म्हणून. कागद सोडून, पदराने पुसून, तिने ते माझ्यापुढे ठेवले आणि स्वतःचे ताट घेऊन चुलीकडे सरकून बसली.

मी आणखी एकदा म्हणायला हवे होते. तिने वाढले, आणि मी जेवलो. भरीत चांगले झाले होते.